गणिताच्या पुस्तकासाठी गावातून चार माणसं द्या!

शेतकरी बंधू-भगिनींनो, सरपंच-ग्रामसेवक मंडळींनो, आज खत-बियाण्यांवर लिहायचं नाही. तुमच्या लेकरांच्या दप्तरातल्या एका पुस्तकावर लिहायचं आहे.

आमच्या शेजारच्या सातवीतल्या पोरानं एका संध्याकाळी एकच गणित तीनदा सोडवलं. तिन्ही वेळेला उत्तर तेच आलं. पण पुस्तकाच्या शेवटी दुसरंच उत्तर छापलेलं. शेवटी त्यानं वहीचं पान फाडलं अन् म्हणालं, "मला गणित येतच नाही." ते स्वस्तातलं सरावाचं पुस्तक होतं, कुणाचं, ते सांगण्यात अर्थ नाही. मी गणित मांडून पाहिलं. पोरगं बरोबर होतं, छापणारा चुकला होता. शिकवणी लावलेल्या पोराला सरांनी ही चूक दोन मिनिटांत दाखवली असती. आपल्या लेकराला संध्याकाळच्या वेळी पुस्तक हाच मास्तर. तो मास्तर चुकला, तर लेकरू स्वतःलाच ढ समजून बसतं.

स्वस्त पुस्तक मिळणं ही लहान गोष्ट नाही. 'बालभारती' हे पाठ्यपुस्तक मंडळ पुण्यात २७ जानेवारी १९६७ रोजी स्थापन झालं. जिल्हा परिषदेच्या अन् अनुदानित शाळांतल्या लेकरांना आज पहिली ते आठवीची पुस्तकं फुकट मिळतात. ज्याच्या हाती मोबाईल आहे, त्याला तीच पुस्तकं पैसे न देता उतरवूनही घेता येतात. म्हणजे पुस्तक घरात पोचलं. आता ते आणखी चांगलं कसं होईल, हा प्रश्न उरतो. आणि हे काम एकट्या पुण्याचं नाही, तुमचं-आमचंही आहे.

पुस्तकाची प्रस्तावना उघडून बघा. अडचणी आल्या तर कळवा, असं त्यात मंडळानंच लिहिलेलं असतं. आपल्यापैकी किती जणांनी एक तरी पोस्टकार्ड टाकलं?

२०१९ साली काय झालं ते आठवा. दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस' सोबत 'वीस एक' असं वाचन दिलं होतं. गणित समितीच्या अध्यक्ष होत्या डॉ. मंगला नारळीकर. आपण लिहितो तेव्हा आधी दशक मांडतो अन् बोलताना आधी एकक म्हणतो, शिवाय जोडाक्षरं जड जातात, म्हणून लहान लेकरं अडखळतात, असं त्यांचं म्हणणं. त्यावर केवढा गदारोळ झाला! विषय विधिमंडळापर्यंत गेला. तुम्ही कोणत्याही बाजूचे असा, पण एक गोष्ट खरी. पुस्तक छापून वाटल्यावर सगळे बोलले. पहिली-दुसरीच्या लेकराला खरोखर काय अवघड जातं, हे त्याच्या आईनं आधी कळवायला पाहिजे होतं. आता नव्या अभ्यासक्रमाची पुस्तकं टप्प्याटप्प्यानं येत आहेत. २०२५-२६ मध्ये पहिलीपासून सुरुवात झाली. बोलायची वेळ हीच आहे.

"आम्ही अडाणी माणसं, तज्ज्ञांचं पुस्तक काय तपासणार?" असं कुणी म्हणेल. अहो, दुधाच्या डेअरीवर फॅटवरून भाव काढणारा माणूस अडाणी कसा? सातबाऱ्यावरचं हेक्टर-आर डोळे झाकून एकर-गुंठ्यांत सांगणारा अडाणी कसा? आपल्या गावात रोज गणित चालतं. ते फक्त पुस्तकात पोचत नाही.

हीच उदाहरणं बघा. एक मिलिमीटर पाऊस एक एकरावर पडला तर सुमारे ४,०४७ लिटर पाणी होतं. मग २० मिलिमीटरच्या एका सरीत तीन एकरांवर किती? आपल्या दुष्काळी जिल्ह्यातल्या लेकराला हे गणित घालून बघा, ते डोळे विस्फारून सोडवील. जानेवारी २०२४ मध्ये ऊसतोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, टनाला २७३ रुपयांचे ३६६ झाले. आता मुकादमाकडून ५०,००० रुपये उचल घेतली, तर ती फिटायला किती टन ऊस तोडावा लागेल? साधारण १३७ टन. ज्या घरात हा हिशेब होतो, त्या घराला कुणी सहज फसवू शकत नाही.

तर प्रत्येक गावानं चार माणसं द्यावीत. एक निवृत्त गुरुजी, एक कॉलेजात शिकलेलं पोरगं किंवा पोरगी, एक हिशेबाला पक्का शेतकरी अन् एक आई. शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात. त्या समितीनंच हे काम अंगावर घ्यावं.

काम सोपं आहे. पाचवी ते आठवीचं एकेक पुस्तक वाटून घ्या. प्रत्येक गणित सोडवा, मागच्या उत्तराशी ताडून पाहा. चूक दिसली तर वहीत लिहा: इयत्ता, पुस्तकाच्या आवृत्तीचं साल, पान, गणिताचा क्रमांक, छापलंय काय अन् पाहिजे काय. नव्या पुनर्मुद्रणात ती दुरुस्त झाली असेल, तेही बघा. लेकरू कोणत्या शब्दाला अडतं, तो शब्द टिपा. प्रत्येक धड्याला गावातली दोन उदाहरणं तयार करा. मग मुख्याध्यापकांच्या पत्रासोबत ही यादी केंद्रप्रमुखांकडे द्या अन् एक प्रत थेट बालभारतीला, सेनापती बापट मार्ग, पुणे, इथं पाठवा. उगाच टीका नको, नेमकी दुरुस्ती कळवा.

आणि बीड जिल्ह्याचं एक खास काम आहे. दसरा-दिवाळी झाली की कोयते निघतात. मायबापासोबत लेकरंही फडावर जातात अन् पुस्तकाचा मधला भाग कोराच राहतो. मार्च-एप्रिलमध्ये लेकरू परत येतं, तेव्हा वर्ग पुढं गेलेला असतो. अपूर्णांक चुकला की शेकडेवारी चुकते, शेकडेवारी चुकली की व्याज कळत नाही. त्या हुकलेल्या धड्यांची सोळा पानांची एक वही तयार करा, सोप्या भाषेत, सोडवलेल्या उदाहरणांसह. पुस्तकातली गणितं उतरवू नका, स्वतःची घाला. ग्रामपंचायतीला झेरॉक्सचा खर्च काही जड नाही. पोरगं फडावर निघतानाच ही वही त्याच्या पिशवीत टाका.

सप्ताहाला वर्गणी देणारी, मंदिराच्या कळसासाठी राबणारी आपली गावं आहेत. लेकरांच्या पुस्तकासाठी महिनाभर रोज एक तास मागितला, तर कुणी नाही म्हणणार नाही. येत्या ग्रामसभेत हा विषय घ्या, चार नावं फळ्यावर लिहा. पहिलं नाव सरपंचांनी स्वतःचं लिहावं, म्हणजे बाकीची तीन आपोआप पुढं येतील.