जमिनीबरोबर गेलेला दिवस

हिंजवडी-माणची भातखाचरं आयटी पार्कखाली गेली आणि मुळशी तालुक्यात जमिनीला भाव आला. आलेला पैसा कुठे गेला, याची चर्चा खूप होते. 2018 मध्ये ‘मुळशी पॅटर्न’ चित्रपटाने ती गोष्ट गुन्हेगारीच्या अंगाने मांडली. पण राब भाजण्यापासून झोडणीपर्यंत माणसाला बांधून ठेवणारं वर्षही जमिनीबरोबर गेलं, त्याबद्दल आपण फारसं बोलत नाही.

काम गेलं की दिवसाचं काय होतं, हे एका जुन्या अभ्यासात दिसतं. ऑस्ट्रियातल्या मारिएन्थाल गावची गिरणी बंद पडली, तेव्हा मारी याहोडा आणि सहकाऱ्यांनी तिथल्या बेकारांचा अभ्यास केला. 1933 मध्ये तो प्रसिद्ध झाला. हाताशी वेळच वेळ, तरी वाचनालयातून पुस्तकं कमी जाऊ लागली होती. पुरुषांची चालसुद्धा मंदावली होती! कामानंतरचा निवांतपणा वेगळा, ही पोकळी वेगळी.

आपल्याकडे जमीन गेलेल्या घरातल्या, पारावर बसलेल्या पोराला ‘रिकामटेकडा’ म्हणून आपण मोकळे होतो. त्याला झोप लागते का, दारू वाढली आहे का, हे घरातलंही कुणी विचारत नाही. सरकारच्या ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीवर, 14416 या क्रमांकावर, मराठीत बोलता येतं. तो क्रमांक प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर हवा. आणि ग्रामसभेत या मुलांच्या कामाचा विषयही.