‘मान्य करा नाहीतर ॲप सोडा’ : व्हॉट्सॲपच्या केसमध्ये वकील नेमके कशावर भांडले?

‘व्हॉट्सॲप आपले मेसेज वाचतं का?’ हा प्रश्न आधी बाजूला ठेवू. मेसेज एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड असतात आणि भारतीय स्पर्धा आयोगापुढे, म्हणजे सीसीआयपुढे, भांडण त्यावर नव्हतंच. भांडण होतं मेसेजच्या अवतीभवतीच्या माहितीवर. तुमचा नंबर, फोन कुठला, आयपी ॲड्रेस काय, कुठल्या दुकानाशी चॅट केलं, असली माहिती. २०१६ साली पॉलिसी बदलली तेव्हा जुन्या युजर्सना ३० दिवसांत ‘फेसबुकला देऊ नका’ म्हणायची सोय तरी होती. जानेवारी २०२१ मध्ये फोनवर जी नोटीस झळकली, तिच्यात ती नव्हती. मान्य करा, नाहीतर ॲप सोडा.

आता सोडा म्हणणं सोपं आहे. मी मुळशी तालुक्यात पौडजवळ राहतो. याच तालुक्यात हिंजवडीच्या आयटी कंपन्या आहेत आणि धरणाकडची भातखाचरंही. दोन्हीकडचा कारभार एकाच हिरव्या ॲपवर चालतो. इंद्रायणी तांदळाची ऑर्डर, सोसायटीचा टँकर, गावात लाइट कधी येणार, सगळं तिथेच. त्या जानेवारीत आमच्या ग्रुपमधल्या चौघांनी तावातावाने दुसरं ॲप टाकलं. आठवड्याभराने ते चौघं तिथे एकमेकांनाच गुड मॉर्निंग पाठवत होते.

कायद्याचा मुद्दा नेमका इथे आहे. व्हॉट्सॲप आणि मेटाच्या वकिलांचं म्हणणं होतं की पॉलिसीचा, प्रायव्हसीचा विषय आधीच सुप्रीम कोर्टात आहे, सीसीआयने त्यात पडू नये. दिल्ली हायकोर्टाने हे एप्रिल २०२१ मध्ये मानलं नाही, ऑगस्ट २०२२ मध्ये अपिलातही नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानेही चौकशी थांबवायला नकार दिला.

उलट बाजूचा युक्तिवाद मला जास्त पटतो. फुकट ॲपची किंमत रुपयांत नसते, डेटात असते. तेव्हा जास्त डेटा मागणं म्हणजे एका अर्थी भाडंवाढच. गावात एकच एसटी येत असेल तर वाढलेलं तिकीट प्रवासी ‘राजीखुशीने’ काढतो, असं कोण म्हणेल? जर्मनीच्या स्पर्धा कार्यालयाने फेसबुकविरुद्ध २०१९ मध्ये जवळपास हीच वाट धरली होती.

१८ नोव्हेंबर २०२४ ला सीसीआयने मेटाला २१३.१४ कोटी रुपयांचा दंड केला. शिवाय जाहिरातींसाठी व्हॉट्सॲपचा डेटा मेटाच्या इतर कंपन्यांना द्यायला पाच वर्षं बंदी घातली. ४ नोव्हेंबर २०२५ ला अपील न्यायाधिकरणाने, एनसीएलएटीने, दंड कायम ठेवला, पण बंदी उठवली. कारण असं की, युजरला नकार द्यायची सोय मिळाली की सरसकट बंदीची गरज उरत नाही. कागदावर बरोबर आहे. पण सेटिंग्जमध्ये चार पायऱ्या खाली जाऊन बटण शोधणारे किती जण तुमच्या ओळखीत आहेत?

त्याच महिन्यात वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे (डीपीडीपी, २०२३) नियमही आले. मग सीसीआय कशाला हवं, असं विचारलं जातं. एक तर त्या कायद्यातली संमतीबद्दलची मुख्य कलमं नियम आल्यावर १८ महिन्यांनी लागू व्हायची आहेत. दुसरं, तो कायदा संमती नीट घेतली का ते बघतो. कंपनी बाजारात किती दादा आहे, हे मोजणं त्याचं काम नाही. ते सीसीआयचं.

दंडाचा एक रुपयाही तुमच्या खात्यात येणार नाही, तो सरकारजमा होतो. तुमच्या वाट्याला येते ती ॲपमधली एक नोटीस आणि सेटिंग्जमधला एक पर्याय, २०२१ ला ‘ॲग्री’ दाबलेल्यांनाही. ती वाचताना दोन गोष्टी वेगळ्या काढा. व्हॉट्सॲप चालवायला लागणारा डेटा वेगळा, इतर कामांसाठी मागितलेला वेगळा. दुसऱ्याला नाही म्हटलं तरी ॲप चालू राहिलंच पाहिजे, असं आदेशात लिहिलेलं आहे.