वीस वर्षांनी एकदा

मी २० वर्षांची. १९६६ च्या नगररचना कायद्यानुसार शहराचा विकास आराखडाही २० वर्षांतून एकदा तरी पुन्हा तपासावा लागतो. परभणीची महानगरपालिका २०११ साली झाली. वस्ती तेव्हाच ३ लाखांवर होती.

लहानपणी आम्ही खेळायचो ते मैदान आता प्लॉटिंगमध्ये गेलंय. नकाशात रंग भरला म्हणून मैदान राहत नाही. १० वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही, मालकाच्या नोटिशीनंतरही २ वर्षं काही हाललं नाही, तर आरक्षण संपतं.

कॉन्व्हेंटमुळे मला 'हरकत' म्हणजे भांडण वाटायचं. तो तर नागरिकाचा हक्क निघाला! मसुदा जाहीर झाला, की मुदतीत लेखी द्यायची. ड्रॉइंग वाचता येणारे आपणच गप्प बसलो, तर पोरांनी खेळायचं कुठं?