कळणारसुद्धा नाही

मराठी विभागातील माणसांचा मोटारसायकलशी येणारा संबंध बहुधा दोन प्रकारचा असतो. एक, तिच्यावरून महाविद्यालयात वेळेवर पोहोचणे; आणि दुसरा, रॉबर्ट पिर्सिगचे ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटारसायकल मेन्टेनन्स’ वाचलेले असणे (किंवा वाचले आहे असे चर्चासत्रात भासवणे). १९७४ साली आलेल्या या पुस्तकाने यंत्राच्या देखभालीला तत्त्वचिंतनाची प्रतिष्ठा मिळवून दिली, याबद्दल दुमत नाही. मात्र त्याच्या शीर्षकातला शेवटचा शब्द आपण नीटसा वाचत नाही. पिर्सिगच्या निवेदकाची गाडी धडधाकट आहे. तो ती जपतो, तिचे आवाज ऐकतो, तिला प्रवासात चालती ठेवतो. अपघातात मोडलेली गाडी घरी पुन्हा बांधणे हा निराळाच व्यवहार आहे. देखभालीत मन लागते वगैरे खरे. इथे मात्र कोणाचे तरी शरीर आधी रस्त्यावर आपटलेले असते, आणि पुढे कोणाचे तरी शरीर त्याच सांगाड्यावर बसणार असते. दुरुस्तीविषयीचा आपला सगळा काव्यात्म गौरव या दुसऱ्या शरीराला विसरतो, असे माझे मत झाले आहे.

हे मत पुस्तकातून आलेले नाही. माझ्या भाच्याची जुनी यामाहा आर-१५ (२००८ साली भारतात आलेले १४९ सीसीचे पहिले मॉडेल) दुभाजकावर आदळली. त्याचे डावे मनगट मोडले, ते यथावकाश सांधले. गाडी आमच्या पार्किंगमध्ये आली. विमा केवळ तृतीय पक्षाचा, त्यामुळे तिकडून काही मिळण्याचा प्रश्नच नव्हता. मनगट बरे झाल्यावर भाचा म्हणाला, “मामा, डोम आणि फेअरिंग नवे टाकू, टाकी रंगवू आणि विकून टाकू.”

त्याच्या या क्रमातच सगळा घोटाळा होता. स्पोर्ट्‌स बाइकचे फेअरिंग म्हणजे प्लॅस्टिकचे अंगरखे. पडताक्षणी तेच फुटतात, म्हणून डोळ्यांत तेच भरतात. आणि नवे बसले की गाडी ‘झाली’ असे वाटते. प्रत्यक्षात आधी हे सगळे उतरवून ठेवावे लागते. रेडिएटर चेपलेला, कूलंट गळलेले, हे लगेच दिसले. पुढचे चाक मात्र हँडलच्या रेषेत नव्हते, आणि त्याचा अर्थ काय लावायचा यात आमचे दोन रविवार गेले. शॉकअपचे दोन पाइप ज्या पकडींत आवळलेले असतात, त्यांत ते आघाताने फिरू शकतात. हा झाला पीळ. बोल्ट सैल केले की पीळ निघतो. पाइप स्वतः वाकलेला असेल तर तो झाला वाक, आणि तो बोल्ट सैल करून जात नाही. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात! आम्ही बोल्ट सैल केले, चाक बरेचसे रेषेत आले, भाचा खूश झाला. मग पाइप काढून टेबलाच्या जाड काचेवर लोळवले. डावा सरळ लोळला. उजव्याखाली प्रत्येक फेरीत उजेडाची एक बारीक फट उघडत होती आणि मिटत होती.

परिसरातले एक अनुभवी मिस्त्री म्हणाले, “सर, प्रेसवर सरळ करून देतो. कळणारसुद्धा नाही.” ते फसवत नव्हते, गिऱ्हाइके जे मागतात तेच ते देत होते. परंतु वाकवून पुन्हा सरळ केलेल्या पोलादाला त्या जागी आपला वाक ‘आठवतो’, असे म्हणायला हरकत नाही. क्रोमचा थर तडकला तर तेलाचे सील फाटते. आणि जोरात ब्रेक दाबला की गाडीचा बहुतेक भार याच पाइपांवर येतो. पिर्सिगच्या पुस्तकात मित्राच्या महागड्या बीएमडब्ल्यूचे सैल हँडल बिअरच्या डब्याच्या पत्र्याने घट्ट करण्याचा प्रस्ताव आहे, आणि मित्र दुखावतो. तिथे आपण निवेदकाच्या बाजूने असतो, कारण तो पत्रा खरोखरच योग्य आहे. जुगाड आणि लपवाछपवी यांतला भेद मला त्या प्रसंगाने नव्हे, त्या काचेखालच्या उजेडाने शिकवला.

दोन्ही पाइप आणि खालची टी नवी घेतली. त्याने खिसा रिकामा झाला, आणि खरी परीक्षा अजून बाकीच होती, ती चेसिसची. नवे पाइप बसवूनही चाके एका प्रतलात आली नाहीत, तर दोष सांगाड्यातच. हँडल फिरताना जिथे अडते त्या ठोकळ्याला खोक पडली होती, म्हणून शंका होती. मानेपाशी रंगाला सुरकुती आहे का ते विजेरीने पाहिले; नव्हती. मागचे चाक स्टँडवर उभे धरून गवंड्याचा ओळंबा आधी त्याला आणि मग पुढच्या चाकाला लावला. दोन्ही बाजूंनी सुतळी ताणली. मागचे टायर रुंद असल्याने पुढच्या टायरशी दोन्हीकडे फट उरते, ती समान हवी. समान निघाली. तरीही मानेजवळच्या जोडांवर लाल द्रवाची तडे शोधणारी चाचणी एका वर्कशॉपमधून करून घेतली, कारण सुतळीला तडा दिसत नाही. (आमच्या वर्गांत ‘विखंडन’ हा शब्द किती सहज उच्चारला जातो, हे त्या आठवड्यात मला वारंवार आठवले. सुटे करणे एका दुपारचे काम होते.)

फेअरिंगला पैसे उरले नाहीत. एक गिऱ्हाईक आले, गाडी फिरवून खूश होऊन परतले. भाच्याने माझ्याकडे पाहिले. मी काही बोललो नाही. त्यानेच जुना वाकडा पाइप आणून दाखवला आणि झाले ते सांगितले. गिऱ्हाईक “विचार करून कळवतो” म्हणून गेले, ते गेलेच. भाचा माझ्यावर आठवडाभर रागावला होता. त्याचा राग मला चुकीचा वाटत नाही. खरे सांगितलेल्या गाडीला बाजारात भाव कमी येतो आणि रंगवलेल्या गाडीला जास्त, ही व्यवस्था त्याने निर्माण केलेली नाही. घरी गाडी बांधणाऱ्याला ती बदलताही येत नाही. त्याच्या हाती एवढेच असते, की वाकलेला पाइप फेकून न देता जपून ठेवायचा आणि मागेल त्याला दाखवायचा.

गाडी आता तोच चालवतो, उघड्या इंजिनाने आणि ओरखडलेल्या टाकीने. त्याचे त्या दिवशीचे हेल्मेट मात्र अगदी शाबूत दिसत होते. मागे नखाएवढा ओरखडा, बस्स. आतला फोम एकदा दबला की पुन्हा तसा फुगत नाही, हे त्याला पटवायला मला गाडीपेक्षा अधिक वेळ लागला. कोणी उचलून पुन्हा वापरू नये म्हणून शेवटी त्यानेच ते हातोडीने फोडून कचऱ्यात टाकले.