ओल आणि घाई

दिवाळी अंकात लिहायचे तर ते करंजीसारखे खुसखुशीत असावे, अशी वाचकांची अपेक्षा असते, आणि ती रास्तच आहे. पण आमच्या पाटोद्याकडे दिवाळी आणि सोयाबीन ही दोन्ही पाहुणी हातात हात घालून दारात येतात. अंगणात आधी रांगोळी घालायची की आधी ताडपत्री पसरायची, असा प्रश्न घरच्या लक्ष्मीला पडतो. ताडपत्रीच जिंकते, कारण रांगोळीचा खर्चही तिच्यावर पसरलेल्या दाण्यांतूनच निघायचा असतो! तेव्हा वाचकहो, यंदा मला करंजीऐवजी ओलाव्याबद्दल चार शब्द लिहू द्या.

पाटोदा म्हटले की बाहेरच्या माणसाला दुष्काळ आठवतो. बालाघाटाच्या डोंगराळ पठारावरचा हा तालुका. मांजरा नदी इथेच उगम पावते आणि सौताड्याला विंचरणा नदी कड्यावरून खाली उडी घेते. पण उन्हाळ्यात घोटभर पाण्यासाठी वणवण करावी लागते ती याच मुलखात. अशा ठिकाणी ओलाव्याची तक्रार कुणी करील, हे खरे वाटणार नाही. परंतु आमचा पाऊस वर्षभर रुसून बसतो आणि पीक कापणीला आले की नेमका समजूत काढायला येतो. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात जी अतिवृष्टी झाली, तिने उभी पिके पाण्यात बुडविली. ज्यांची वाचली, त्यांच्यापुढे दुसरे संकट उभे राहिले : हे ओले धान्य वाळवायचे कुठे आणि ठेवायचे कसे?

दाणा झाडावरून उतरला म्हणजे मेला, असे आपण समजतो. तसे नाही. तो जिवंत असतो, श्वास घेतो, आणि जितका ओला तितका जोराने घेतो. श्वासाबरोबर उष्णता आणि वाफ बाहेर पडते. ओल्या पोत्यात हात घातला तर आत ऊब लागते, ती याचीच. त्या उबेत बुरशी सुखाने नांदते. शिवाय दाणा भोवतालच्या हवेशी सतत देवघेव करीत असतो. कोरड्या हवेला तो पाणी देतो, दमट हवेतून घेतो. हवेतील आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या वर जाऊन तिथेच राहिली, तर चांगला वाळवलेला दाणाही हळूहळू ओलावतो. म्हणून वाळवणे हे अर्धे काम. वाळलेले कोरडे राखणे हे उरलेले अर्धे.

आमच्या वाडवडिलांना हे ठाऊक नव्हते असे कोण म्हणेल? त्यांची पेवे होती, शेणाने लिंपलेल्या कणग्या होत्या. जमिनीखालच्या पेवात ज्वारी वर्षानुवर्षे टिके. तोंड बंद केले की आतला प्राणवायू दाणे आणि किडे मिळून संपवून टाकीत आणि किडे गुदमरून मरत. माणसालाही तोच धोका असे. म्हणून पेव उघडल्यावर शहाणा माणूस एकदम आत उतरत नसे. आधी पेटता कंदील सोडी, आणि तो विझला तर पेव तसेच उघडे ठेवी. पण एक गोष्ट आपण विसरतो. ती ज्वारी रब्बीची होती. ती फेब्रुवारी-मार्चमध्ये निघे आणि खळ्यावरच्या कडक उन्हात खडखडीत होऊन पेवात जाई. गेल्या चाळीसेक वर्षांत सोयाबीन आले, ते ऑक्टोबरात निघते. पंचांगच बदलले! फाल्गुनातल्या धान्यासाठी बसवलेली घडी आश्विनातल्या धान्याला कशी लागू पडावी? जुने शहाणपण खोटे नव्हते. त्याला लागणारे ऊन तेवढे आता वेळेवर नसते.

मग होते काय, की ओला माल घरात ठेवता येत नाही आणि सणाला पैसा तर हवा. पोती भरून मोंढ्याची वाट धरावी लागते. आमच्या भावकीतल्या आप्पांना मी विचारले, "आप्पा, चार दिवस थांबला असता तर?" ते म्हणाले, "भाऊ, मी थांबीन हो. पोतं थांबतंय का?" या एका वाक्यात सारे अर्थशास्त्र आले. मोंढ्यात भाव पडतो तो नुसता ओलाव्याचा नव्हे, तर शेतकऱ्याला थांबता येत नाही, याचा.

आता थोडे गणित. सरकारी हमीभाव केंद्रावर सोयाबीनमध्ये १२ टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो. (२०२४ च्या नोव्हेंबरात त्या हंगामापुरती ही मर्यादा १५ टक्क्यांवर नेली होती.) समजा, तुमच्या १०० किलो मालात १८ टक्के पाणी आहे. तो १२ टक्क्यांपर्यंत वाळवला, तर साधारण ९३ किलो भरेल. म्हणजे सात किलो पाणी गेले. व्यापाऱ्याने तेवढी घट धरली तर त्याला दोष देता येणार नाही. पाण्याला सोयाबीनचा भाव कोण देणार? वाळवण्याची मजुरी तो वेगळी मागेल, तीही समजू शकते. पण त्यापुढे जी कपात होते, ती आपल्या घाईची किंमत असते. हा हिशेब वहीच्या कोपऱ्यावर मांडून मगच मोंढ्यात जावे.

वाळवण्याची रीत अवघड नाही. मळणी झालेला दाणा ताडपत्रीवर दोन-तीन बोटांच्या थराने पसरावा आणि दिवसातून तीन-चार वेळा हलवावा. दहिवर पडण्याआधी गोळा करावा. उन्हात तापलेला दाणा तसाच पोत्यात भरू नये; आधी निवू द्यावा, नाहीतर रात्री आतल्या आत घाम सुटतो. पोती जमिनीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर ठेवावीत आणि भिंतीपासून हातभर दूर. हवाबंद पिशव्या मिळतात, त्या उत्तम. पण ओला दाणा तिच्यात भरणे म्हणजे शत्रूला घरात कोंडून वर कुलूप लावणे.

माल वाळला की नाही, हे पाहायला एक सोपी युक्ती आहे. काचेची कोरडी बरणी घ्यावी. तिच्यात तिसरा हिस्सा दाणे आणि चमचा-दोन चमचे कोरडे मीठ घालून झाकण लावावे, चांगले हलवावे आणि दहा-पंधरा मिनिटे ठेवून द्यावे. मीठ काचेला चिकटले तर ओलावा १५ टक्क्यांच्या वर आहे, असे समजावे. न चिकटले तरी बाराची खात्री नव्हे. ती यंत्रच देते. बियाण्यासाठी राखलेल्या मालातले शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावेत. सत्तर उगवले तर बियाणे पेरणीयोग्य. सोयाबीनची साल नाजूक असते. बियाण्याची पोती आपटू नयेत आणि उंच थप्पीही लावू नये.

हा प्रश्न नुसत्या पैशाचाही नाही. १९७४ साली राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातेतील पंचमहाल भागात अवकाळी पावसात भिजलेला, बुरशी आलेला मका गरिबांनी खाल्ला, कारण घरात दुसरे काही नव्हते. बुरशीच्या विषाने यकृत निकामी होऊन शंभरावर माणसे दगावली. मका आणि भुईमूग यांना हा धोका अधिक. पण बुरशीचा कुठलाही दाणा निवडून टाकावा, जनावरालाही घालू नये.

ज्याचा माल कोरडा आहे, त्याला आणखी एक दार उघडे असते. राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून चालू आहे. तीत सहभागी असलेल्या बाजार समितीच्या गोदामात सोयाबीन ठेवले, तर किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम ६ टक्के व्याजाने १८० दिवसांसाठी मिळते. सणही होतो आणि भावाची वाटही पाहता येते. पण या दाराची किल्ली एकच : कोरडा दाणा. ओल्या पोत्याला ना गोदाम घेत, ना कर्ज मिळत.

म्हणून मला वाटते, गावोगाव सभामंडप उभे राहतात, कमानी उभ्या राहतात, त्यांच्या जोडीला एक फरसबंद खळे आणि त्यावर पत्र्याचे छप्पर उभे राहावे. दिवसा ऊन, पाऊस आला तर आडोसा, आणि एका कोपऱ्यात गावाच्या मालकीचे ओलावा मोजायचे यंत्र. एकट्या शेतकऱ्याला हे परवडत नाही; गावाला परवडावे. शेतकऱ्याला श्रीमंत करणे कुणाच्या हाती असेल ते असो, त्याला चार दिवस थांबता येईल एवढे करणे तरी गावाच्या हाती आहे.

वाचकहो, ही दिवाळी तुम्हांला सुखाची जावो, आणि तुमच्या घरचा दाणा पुढल्या पाडव्यापर्यंत कोरडा राहो!