वाणिज्याच्या वर्गात सातबारा येऊ द्या

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
वाणिज्य, व्यवस्थापन आणि विधी अभ्यास मंडळे,
महाराष्ट्रातील विद्यापीठे.

विषय: पदवी अभ्यासक्रमात जमीन व घराच्या कागदपत्रांचे वाचन शिकवण्याबाबत.

महोदय,

गेली २२ वर्षे मी तालुक्याच्या गावी वकिली करते. शोध अहवाल, खरेदीखत, बक्षीसपत्र, वारसनोंद हे माझे रोजचे काम.

दीड वर्षापूर्वी बी.कॉम. प्रथम श्रेणीत झालेली एक मुलगी वडिलांना घेऊन आली. वडिलांनी निवृत्तीच्या पैशातून दोन गुंठे घेतले होते. हातात नोटरी केलेला कागद आणि सातबारा. उताऱ्यावर विकणाऱ्याचे नाव होते, पण कंसात. नावाला कंस झाला म्हणजे फेरफाराने ते नाव कमी झाले. विकायला त्याच्याकडे काही उरलेच नव्हते. मी त्या नावावर बोट ठेवले. मुलगी बराच वेळ कंसाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मॅडम, पैसे देण्याच्या आदल्या दिवशी बाबांनी हा उतारा मलाच वाचायला दिला होता."

त्या मुलीचा यात काय दोष? तीन वर्षे ती ताळेबंद शिकली. जमिनीचाही ताळेबंद असतो, हे तिला कोणी सांगितले नाही. गाव नमुना सातवर मालक आणि क्षेत्र, इतर हक्कात कुळाचे नाव किंवा सोसायटीचा बोजा, बारावर पीक. डिजिटल स्वाक्षरीचा हा उतारा घरबसल्या १५ रुपयांत निघतो. उतारा स्वस्त झाला, तो वाचता येणारे मात्र वाढले नाहीत.

शंभर रुपये वा त्याहून जास्त किमतीच्या स्थावर मिळकतीच्या खरेदीचा दस्त नोंदवावाच लागतो, हा नियम नोंदणी कायद्यात १९०८ पासून आहे. तरी नोटरीच्या कागदावर आयुष्याची पुंजी देणारे दर महिन्याला माझ्यासमोर बसतात. घरबांधणी प्रकल्पांवर देखरेख ठेवणारे महारेरा प्राधिकरण २०१७ पासून काम करते आहे. करारनामा नोंदवल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, हे किती पदवीधरांना ठाऊक आहे? महारेराने एजंटांना २० तासांचे प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली. विकून देणाऱ्याला शिकवण्याची सोय झाली. घेणाऱ्याच्या घरात पदवीधर असूनही तो कोराच राहतो.

विधी शाखेत दस्तलेखनाचा विषय आहे, हे मान्य. पण माझ्याकडे उमेदवारीला येणारी मुले खरेदीखताचा मसुदा पाठ म्हणून दाखवतात आणि चतुःसीमा उताऱ्याशी, मोजणी नकाशाशी ताडून बघायला सांगितले की गोंधळतात. मसुदा वहीत उतरवून गुण मिळाले, खरा दस्त हातात आलाच नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. बी.कॉम., बी.बी.ए. आणि विधीच्या विद्यार्थ्यांसाठी दोन श्रेयांकांचा एक विषय ठेवा आणि तो मराठीतून शिकवा, कारण सातबारा, फेरफार आणि आठ-अचा खातेउतारा मुळात मराठीत असतात. परीक्षेत व्याख्या विचारू नका. नावे झाकलेला खरा उतारा, दस्तनोंदणीचा इंडेक्स टू आणि करारनामा समोर ठेवा आणि विचारा, "हा व्यवहार करावा का? कारणे द्या." नव्या शैक्षणिक धोरणात क्षेत्रप्रकल्पाला जागा आहेच. त्यात एक दिवस दुय्यम निबंधक कार्यालयात, एक दिवस गावच्या चावडीत आणि एक संध्याकाळ गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेत जाऊ द्या. इमारतीची जमीन संस्थेच्या नावे करून देणारे मानीव अभिहस्तांतरण का अडते, हे त्या सभेत जितके कळेल तितके पुस्तकातून कळणार नाही. शिकवायला निवृत्त तलाठी, मंडळ अधिकारी आणि सहकार खात्याचे लेखापरीक्षक गावोगाव आहेत. त्यांना मानाने बोलवा.

पदवी घेणाऱ्या या मुलांच्या घरात बहुधा तीच पहिली शिकलेली. कागद आला की सगळे घर त्यांच्या तोंडाकडे बघते. त्या विश्वासाला पुरेल एवढे तरी आपण त्यांना द्यायला हवे.

त्या बापलेकीचा दावा अजून चालू आहे. आपल्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. माझ्या तालुक्यातल्या महाविद्यालयात दर शनिवारी मी विनामोबदला शिकवीन. पहिल्या तासाला कंस झालेला एक उतारा घेऊन येईन.

आपली विश्वासू,
एक तालुका वकील