खापर कोणाच्या डोक्यावर?

मे २००४ मध्ये 'इंडिया शायनिंग'वाला भाजप १८२ वरून १३८ जागांवर आला आणि घरातच उणीदुणी सुरू झाली. वाजपेयींनी मनालीत गुजरातच्या दंगलींकडे बोट दाखवले. अडवाणींना प्रचाराची घोषणाच अयोग्य वाटू लागली. या साऱ्या चिरफाडीत १ जानेवारी २००४ ही तारीख आमच्या तरी कानावर आली नाही! त्या दिवसापासून नव्याने लागणाऱ्या गँगमनची, पोस्टमनची हमीची पेन्शन गेली. पगारातून दहा टक्के कापून बाजाराच्या हवाली झाले. सैन्यदले तेवढी वगळली. बरे, जिंकलेल्या काँग्रेसला तरी कुठे पाझर फुटला? तिने तीच योजना चालवली, २०१३ मध्ये तिचा कायदा केला. संसदेत पाठिंबा कोणी दिला? याच हरलेल्या भाजपने.